पोपट बोलायला कसा शिकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी दहा महिन्यांचा आफ्रिकन ग्रे पोपट आहे. रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसून एकच वाक्य म्हटलं जातं आणि दुपारी घरात कोणी नसताना त्याच वाक्याचं रेकॉर्डिंग लावून ठेवलं जातं. पक्षी मोबाइलची रिंग हुबेहूब काढतो, पण शब्द एकही उच्चारत नाही. मग पोपट मुळात माणसासारखं बोलायला शिकतो कसा, त्यातलं त्याला काही कळतं का, आणि आमचं चुकतंय कुठे?

मी पक्ष्यांची डॉक्टर आहे. गेल्या २२ वर्षांत तपासलेल्या पक्ष्यांत सगळ्यात जास्त पोपटच होते. हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात त्या रिंगपासूनच करू. तुमच्या पक्ष्याने रिंग उचलली, म्हणजे त्याचे कान, मेंदू आणि गळा तिन्ही ठणठणीत आहेत. ऐकलेला आवाज लक्षात ठेवणं, तसाच काढायचा प्रयत्न करणं, चूक झाली की सुधारणं ही सगळी कसरत त्याने एकदा पार पाडली आहे. आता असं बघा, घरात दिवसभर शेकडो आवाज होतात. नळ वाहतो, पंखा फिरतो, खुर्च्या सरकतात. त्यातला रिंगचाच आवाज त्याने का निवडला? रिंग वाजली की घरातला माणूस हातातलं काम टाकून धावतो आणि बोलायला लागतो. पोपटाच्या नजरेने पाहिलं तर घरातली सगळ्यात गुणी हाक तीच. तुमचं सकाळचं वाक्य कितीही वेळा म्हटलं तरी त्याने काहीच घडत नाही.

हे कळायला पोपट जंगलात आवाजाचं काय करतो ते पाहावं लागतं. बहुतेक पोपट थव्याने राहतात. दाट झाडीत साथीदार दिसत नाही, तेव्हा 'मी इथे आहे, तू कुठे आहेस?' एवढंच सांगणारी एक छोटी हाक सतत चालू असते. ही हाक जन्मजात ठरलेली नसते, ती शिकावी लागते. कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलात चिमणीएवढ्या हिरव्या पॅरटलेट पोपटांच्या घरट्यांत कॅमेरे आणि मायक्रोफोन बसवले आणि काही घरट्यांतली अंडी आपसांत बदलली. २०११ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. आईबाप प्रत्येक पिल्लाला ते स्वतः हाक काढू लागायच्या आधीच एक वेगळी हाक मारत होते. पिल्लं पुढे तीच हाक थोडीफार बदलून वापरू लागली. बदललेल्या अंड्यांतून आलेल्या पिल्लांच्या हाका जन्म देणाऱ्यांच्या हाकांशी जुळल्या नाहीत, वाढवणाऱ्यांच्या हाकांशी जुळल्या. आपण बाळाचं नाव ठेवतो आणि बाळ त्या नावाला ओ द्यायला लागतं, त्याच्या फार जवळची ही गोष्ट आहे.

हाक जुळवून घेणं पुढे आयुष्यभर चालतं. बजरीगर या छोट्या पोपटांत जोडी जमली की नर काही आठवड्यांत मादीची हाक उचलतो. कोस्टारिकातल्या पिवळ्या मानेच्या अॅमेझॉन पोपटांच्या तर चक्क बोली आहेत. एका भागातला थवा एका धाटणीची हाक देतो, शेजारचा दुसऱ्या धाटणीची, आणि सीमेवरच्या काही पक्ष्यांना दोन्ही येतात. टिमोथी राइट यांनी हे १९९६ मध्ये मांडलं. पुढे काही पोपट एका बोलीच्या भागातून उचलून दुसऱ्या भागात सोडून पाहिले, तेव्हा नवी बोली कोवळ्या वयातल्या पक्ष्याने आत्मसात केली आणि मोठ्यांनी आपलीच धरून ठेवली.

आता हाच पक्षी आपल्या घरात आणा. थवा म्हणून त्याच्यासमोर चार माणसं आहेत आणि ती एकमेकांना शब्दांनी हाका मारतात. तो त्या थव्याची बोली उचलतो. पोपट माणसासारखं बोलतो त्याचं मूळ कारण हे आहे. त्यामुळेच अर्थ न कळता घोकण्याला आपण 'पोपटपंची' म्हणतो, तो शब्द मला खटकतो. घोकंपट्टी आपण त्याच्याकडून करून घेतो, त्याच्या स्वभावात ती नाही.

मग हे काम करणारी यंत्रणा कशी आहे? आपला आवाज घशात वरच्या बाजूला, स्वरयंत्रात तयार होतो. पक्ष्यांच्या स्वरयंत्रात आवाजाच्या पट्ट्या नसतातच. त्यांचा आवाज खाली छातीत, श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते तिथल्या सिरिंक्स या अवयवात होतो. गाणाऱ्या पक्ष्यांत त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या चालतात, एकाच वेळी दोन सूर निघू शकतात. पोपटात मात्र एकच जोडी पडद्यांची, ती मिळून एकच आवाज काढते. त्या बाबतीत तो आपल्या जवळचा आहे. खालून एक आवाज वर येतो आणि वाटेत त्याला आकार दिला जातो.

हा आकार देण्यात जिभेचा मोठा वाटा आहे. पोपटाची जीभ तुम्ही जवळून पाहिली असेल तर कळेल, इतर पक्ष्यांसारखी ती पातळ आणि कडक नसते. जाड, मांसल, बोटाच्या टोकासारखी असते आणि दाणा चोचीत फिरवून सोलताना ती किती बारकाईने हलते ते पाहण्यासारखं आहे. गॅब्रिएल बेकर्स, ब्रायन नेल्सन आणि रॉडरिक सदर्स यांनी २००४ मध्ये मंक पॅराकीट जातीच्या मृत पोपटांत सिरिंक्सच्या जागी छोटा स्पीकर बसवला आणि जीभ थोडीथोडी हलवून बाहेर येणारा आवाज मोजला. मिलिमीटरचा एखादा अंश जरी जीभ सरकली तरी आवाजाचा पोत लक्षात येण्याइतका बदलत होता. आपण 'आ'चा 'ई' करतो तो जीभ उचलूनच. 'आ' म्हणताना आणि 'ई' म्हणताना बोट जिभेवर ठेवून पाहा, लगेच कळेल.

स्वरांचं ठीक, व्यंजनांचं काय? प-वर्ग, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय आपल्याला म्हणता येत नाहीत. पोपटाला ओठ नाहीत, आणि तरी 'बाबा' म्हणणारे पोपट मी रोज ऐकते. अन्ननलिकेतल्या हवेचा उपयोग करून ग्रे पोपट हा स्फोट साधत असावा, असा अंदाज ग्रे पोपटांवर संशोधन करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांच्या गटाने मांडला आहे. शिवाय अर्धं काम ऐकणारा करतो. नव्याने बोलणाऱ्या पोपटाचं रेकॉर्डिंग घरच्यांना ऐकवलं तर त्यांना शब्द स्वच्छ ऐकू येतो आणि परक्या माणसाला नुसता चढउतार. घरच्यांचा कान उरलेलं भरून घेतो.

पण सगळा मामला गळ्याचा असता तर इतर कितीतरी पक्षी बोलले असते. खरा फरक मेंदूत आहे. ऐकून नवा आवाज शिकणं ही प्राणिसृष्टीत दुर्मीळ गोष्ट आहे. माणूस, देवमासे आणि डॉल्फिन, वटवाघळं, सील, हत्ती, आणि पक्ष्यांत फक्त तीन गट: गाणारे पक्षी, हमिंगबर्ड आणि पोपट. कोंबडीला जन्मापासून एकटं वाढवलं तरी ती कोंबडीसारखीच ओरडते. पोपटाचं तसं नाही. एरिक जार्विस, मुक्ता चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पोपटांच्या नऊ जातींचे मेंदू तपासले तेव्हा त्यांना आवाज शिकण्याच्या प्रत्येक केंद्राभोवती आणखी एक कवच दिसलं. आत गाभा, बाहेर कवच. गाभा गाणाऱ्या पक्ष्यांतही असतो, कवच फक्त पोपटांत. न्यूझीलंडमधला किया हा पोपटांच्या फार जुन्या शाखेतला पक्षी, त्याच्यातही ते प्राथमिक रूपात होतं. म्हणजे ही रचना किमान २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची असावी.

आकारावरही जाऊ नका. पोपटाचा मेंदू अक्रोडाएवढा, पण पेशी दाटीवाटीने भरलेल्या. २०१६ मध्ये पक्ष्यांच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या गेल्या तेव्हा निळ्या-पिवळ्या मकावच्या पुढच्या मेंदूत मकाक माकडाहून जास्त चेतापेशी निघाल्या. आणि अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, झेटियन यांग आणि मायकेल लाँग यांनी बजरीगर आवाज काढत असताना त्याच्या मेंदूतल्या पेशींची हालचाल नोंदवली. काही पेशी स्वरासारख्या आवाजांना जाग्या होत होत्या, काही व्यंजनासारख्या खरखरीत आवाजांना, आणि सुराची उंची पेटीच्या पट्ट्यांसारखी क्रमाने मांडलेली होती. झेब्रा फिंच या गाणाऱ्या पक्ष्यात असा नकाशा सापडला नाही. पेटी एकदा मेंदूत बसली की तिच्यावर कुठलंही नवं गाणं वाजवता येतं. पोपट नव्या भाषेतला नवा शब्द सहज उचलतो, त्याचं हे मला पटणारं स्पष्टीकरण आहे.

आता प्रत्यक्ष शिकणं कसं चालतं ते सांगते, कारण पुस्तकात वाचण्यापेक्षा हे ऐकण्यात जास्त आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक तरुण ग्रे पाय मोडल्यामुळे तीन आठवडे मुक्कामाला होता. दिवसभर गप्प. संध्याकाळी दिवे मंद केले आणि माणसं पांगली की पिसं थोडी फुगवून, डोळे अर्धे मिटून तो दांडीवर पुटपुटायला लागायचा. पहिले काही दिवस फक्त सूर होता. वर जाणारा, खाली येणारा, शेवटी जरा ओढलेला. शेजारच्या खोलीतून कोणी प्रश्न विचारतंय असं वाटायचं, पण शब्द एकही नाही. मग त्या सुरात 'आ' आणि 'ओ' दिसायला लागले. 'आ-अ-ओ... आ-अ-ओ.' मध्येच एक शिट्टी, मग परत तेच. दुसऱ्या आठवड्यात कुठूनतरी 'क' आला, तोही चुकीच्या जागी. आणि एके दिवशी सकाळी आमची मदतनीस पाणी बदलायला गेली तेव्हा त्याने तिच्याकडे मान वळवून स्वच्छ विचारलं, 'काय करतोस?' रोज सकाळी पाणी बदलताना ती त्याला हेच विचारायची, तिच्याच सुरात, तिच्याच लाडिक ओढीत.

आधी चाल, मग स्वर, मग व्यंजनं. हा क्रम मी इतक्या पक्ष्यांत ऐकला आहे की आता मालकांना मी शब्द ऐकायला सांगतच नाही, संध्याकाळची पुटपुट ऐकायला सांगते. अॅलेक्स नावाचा प्रसिद्ध ग्रे नवा शब्द लोकांसमोर काढण्याआधी एकटा असताना त्याचा सराव करायचा, हे पेपरबर्ग यांनी १९९१ मध्ये रेकॉर्डिंग करून दाखवलं. व्हेनेझुएलातल्या त्याच पॅरटलेटच्या पिल्लांतही बाळासारखी बडबड २०२२ मध्ये नोंदवली गेली. तुमचा पक्षी दहा महिन्यांचा आहे. या वयात बरेच ग्रे याच टप्प्यावर असतात, स्पष्ट शब्द वर्ष-दीड वर्षाचे झाल्यावर येतात. तुम्ही सकाळी अर्धा तास शिकवता, पण तो संध्याकाळी काय म्हणतो ते दुसऱ्या खोलीतून ऐकलंय का?

अॅलेक्सचा उल्लेख आलाच आहे तर त्याला कसं शिकवलं ते नीट सांगते, तुमच्या चुकीचं उत्तर त्यात आहे. पेपरबर्ग यांनी तो १९७७ मध्ये शिकागोतल्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणला, तेव्हा तो वर्षभराचा होता. त्या काळी प्राण्याला एकटं ठेवून, बरोबर उत्तराला दाणा देऊन शिकवण्याची पद्धत होती आणि पोपट तिला दाद देत नव्हते. पेपरबर्ग यांनी जर्मन शास्त्रज्ञ डिटमार टोट यांची १९७५ मधली पद्धत घेतली. दोन माणसं पोपटासमोर बसतात. एक वस्तू दाखवून विचारतो, 'हे काय?' दुसरा उत्तर देतो. बरोबर असेल तर त्याला ती वस्तूच मिळते, चुकलं तर वस्तू बाजूला जाते आणि परत प्रयत्न करावा लागतो. मग दोघं भूमिका बदलतात. उत्तर देणारा माणूस पोपटाचा आदर्शही असतो आणि प्रतिस्पर्धीही, कारण सगळं लक्ष आणि ती वस्तू त्याला मिळत असते. पोपट हे बघत राहतो आणि एक दिवस मध्ये बोलतो.

या पद्धतीने अॅलेक्स ५० च्या आसपास वस्तू, ७ रंग, ५ आकार ओळखून सांगायला शिकला. सहापर्यंतची संख्या सांगायचा. दोन वस्तू समोर ठेवून 'यांत वेगळं काय?' विचारलं तर रंग की आकार ते सांगायचा, आणि काहीच वेगळं नसेल तर 'काही नाही' म्हणायचा. २००७ मध्ये ३१ वर्षांचा असताना तो गेला. त्याच प्रयोगशाळेत दोन लहान ग्रे पोपटांना काही शब्द समोरासमोर आणि काही शब्द नुसत्या टेपवरून ऐकवले गेले. समोरासमोरचे शब्द आले. टेपवरचे आले नाहीत.

म्हणून तुमचं दुपारचं रेकॉर्डिंग बंद करा. हे मी अधिकाराने सांगते, कारण व्यवसायाच्या सुरुवातीला मीच लोकांना कॅसेट लावून ठेवायला सांगत असे. एका घरी तर सलग चार महिने ती लागली. शेवटी पक्षी टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्याचा 'खट्' असा आवाज काढायला शिकला, कारण त्या आवाजासरशी घरातलं माणूस खोलीतून निघून जायचं. तो माणसाकडे बघत होता आणि मी कॅसेटकडे. त्या चार महिन्यांत त्याने रोज कित्येक तास एकटेपणात काढले, याचं मला अजून वाईट वाटतं.

टोट यांची पद्धत घरात नकळत घडते तेव्हा काय होतं, त्याचं एक उदाहरण देते. एक गृहस्थ आपला अॅमेझॉन पोपट घेऊन आले. तक्रार खोकल्याची. पक्षी खरंच खोकत होता, कोरडा, दोनदा, थोडं थांबून तिसऱ्यांदा. छाती तपासली, एक्स-रे काढला, सगळं स्वच्छ. मी काही बोलणार तेवढ्यात पोपट परत खोकला आणि लगेच बाईच्या आवाजात म्हणाला, 'पाणी देऊ का?' गृहस्थ एकदम गप्प झाले. खोकला त्यांचा होता, जुना. प्रश्न त्यांच्या बायकोचा. दिवसातून दहा वेळा ते खोकायचे, ती विचारायची, उठून यायची, जवळ थांबायची. पोपटाने दोन माणसांमधला तो सबंध व्यवहार जसाच्या तसा उचलला होता. कोणी एकदाही शिकवलं नव्हतं. (खोकला पक्ष्याला नव्हता, त्यांना होता. त्यांना मी डॉक्टरकडे पाठवलं.)

शिव्या पटकन उचलल्या जातात तेही याचमुळे. शिवी जोरात, भावनेच्या भरात दिली जाते, घरातले सगळे त्या दिशेला बघतात, आणि पोपटाने ती काढली तर हसतात. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयात एकाच वेळी आलेले पाच ग्रे पोपट शिव्या देऊ लागले म्हणून त्यांना काही काळ लोकांपासून दूर ठेवावं लागलं. लोक हसत होते, पोपट एकमेकांचं ऐकत होते. शिवी घालवायची तर तिच्यावर काहीच प्रतिक्रिया न देणं एवढा एकच उपाय मला लागू पडलेला दिसला आहे. रागावलात तर तीही दादच.

अर्थ कळतो का? दोन टोकांची उत्तरं मिळतात आणि दोन्ही चुकीची आहेत. वाक्याचं व्याकरण सोडवून, आपल्यासारखं बोलणं पोपटाला येतं असा पुरावा नाही. पण शब्द कुठल्या प्रसंगाशी जोडलेला आहे हे त्याला पक्कं कळतं. किल्ल्या खुळखुळल्या की 'येतो गं' म्हणणारे पोपट तुम्ही पाहिले असतील. माझ्याकडे येणारा एक ग्रे नखं कापून झाली, टॉवेलमधून सुटला, की पिंजऱ्याच्या दाराशी जाऊन स्वतःच 'येतो गं' म्हणतो. किल्ल्या कुणीही वाजवलेल्या नसतात. 'येतो' या शब्दात परत येण्याचं जे आश्वासन आपण ठेवलंय ते त्याला कळत असेल असं मी म्हणणार नाही. इथून निघण्याचा तो शब्द आहे एवढं मात्र त्याला निश्चित कळतं. अॅलेक्स त्याही पुढे गेला होता. त्याला 'बनाना' आणि 'चेरी' ठाऊक होते, सफरचंदाला तो 'बॅनेरी' म्हणायला लागला आणि शिकवणाऱ्यांनी खरा शब्द कितीही सांगितला तरी त्याने आपलाच धरून ठेवला.

जातीजातीत फरक आहे, पण पक्ष्यापक्ष्यात त्याहून जास्त. २०२२ मध्ये लॉरिन बेनेडिक्ट यांच्या गटाने ७३ जातींच्या सुमारे ९०० पाळीव पोपटांची माहिती गोळा केली. आफ्रिकन ग्रे सरासरी ६० शब्दांच्या आसपास, म्हणजे सगळ्यांत पुढे. बहुतेक जातींत नर-मादी असा फरक दिसला नाही, बजरीगर मात्र नरच जास्त बोलतात. शब्दांचा विक्रमही एका बजरीगराच्याच नावावर आहे. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या त्या मुठीएवढ्या पक्ष्याचे १,७२८ शब्द गिनेसने नोंदवले. तो १९९४ मध्ये गेला. आणि असे ग्रे पोपटही आहेत जे ४० वर्षं माणसांत राहून एक शब्द बोलले नाहीत. ते मतिमंद नसतात. शिट्टीने, मान वाकवून, पिसं फुलवून त्यांचं सगळं भागत असतं. बोलण्यासाठी पोपट आणायचा आणि बोलला नाही म्हणून त्याचा राग करायचा, हे पाहिलं की मला त्रास होतो.

दोन गोष्टी मात्र कुणी कधीच करू नयेत. पहिली म्हणजे जीभ खरवडणं किंवा कापणं. असं केल्याने पक्षी बोलतो हा समज जगात अनेक ठिकाणी आहे. वर सांगितलेला जिभेचा प्रयोग आठवा, ज्या अवयवाने तो शब्दाला आकार देतो तोच आपण जायबंदी करतो. अशा दोन पक्ष्यांवर मी उपचार केले आहेत. त्यांना दाणा सोलणंही जमत नव्हतं. दुसरी गोष्ट, जंगलातून धरून आणलेला पक्षी घेणं. मोठा पक्षी आपल्या थव्याची बोली घेऊन आलेला असतो, माणसाची तो क्वचितच उचलतो, आणि आयुष्यभर भेदरलेला राहतो. पकडापकडीने आफ्रिकन ग्रेची इतकी दैना झाली की जंगली पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून बंदी आहे.

आणखी एक, हे डॉक्टर म्हणून. बोलका पोपट एकाएकी गप्प झाला, त्याचा आवाज घोगरा किंवा बारीक झाला, नेहमीचा शब्द काढताना तो अडखळू लागला, तर 'रुसलाय' म्हणून थांबू नका. अॅस्परजिलस नावाच्या बुरशीची गाठ सिरिंक्सजवळ वाढायला लागली की पहिली खूण बरेचदा आवाजातच दिसते, श्वास लागायच्या कितीतरी आधी. नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि हा धोका वाढतो. आवाजातला बदल घरच्यांनाच आधी कळतो. त्या दिवशीच दाखवायला आणा.

आता तुमच्या घरापुरतं. सकाळचा अर्धा तास सोडून द्या आणि जे दिवसभर घडतं त्यालाच शब्द लावा. त्याला हातावर घेताना रोज तोच शब्द, पाणी भरताना तोच, दिवा मालवताना तोच. त्याच्यासमोर बसून घरातल्या दोघांनी एकमेकांशी बोला, एखादी वस्तू मागा, द्या, आनंदाने घ्या, त्याला बघू द्या. आवाज सपाट ठेवू नका. शिट्टीला थोडी कमी दाद द्या, कारण शिट्टी सोपी असते आणि तिच्यावरच काम भागलं तर तो पुढे कशाला जाईल? संध्याकाळी पुटपुट सुरू झाली की खोलीत शिरू नका, बाहेरूनच ऐका.

आणि ती रिंग. तुमच्या घरात रिंगनंतर काय होतं ते त्याने महिनोन् महिने ऐकलंय. उद्या त्याने ती काढली की फोनकडे बघू नका. पिंजऱ्याजवळ जा, त्याच्याकडे बघा आणि फोनवर म्हणता तसंच, त्याच सुरात म्हणा, 'हॅलो?' मग थोडं थांबा. त्याला वेळ द्या.